तैलचित्रांतील चेहरा, रंग आणि कुंचला

मुंबईहून उत्तरेस निघालेली आगगाडी डहाणू रोड व घोलवड हीं स्टेशनें मागें टाकून संजाणकडे जाते, तेव्हां खिडकीच्या दोन बाजूंना दोन अगदीं भिन्न मुलुख दिसतात. डाव्या हाताला समुद्रकांठ, चिकूच्या वाड्या आणि त्यांमधून डोकावणारीं पारशी-इराणी कुटुंबांचीं घरें. उजव्या हाताला तलासरीकडे चढत जाणारें रान व वारल्यांचे पाडे. पारशी समाजांत दिवाणखान्यांत आजा-पणजाची तैलरंगांतील तसबीर लावण्याची चाल जुनी आहे, आणि अग्यारींतहि दात्याची तसबीर असते. पांढरी डगली, डोक्यावर पगडी, पाठीमागें काळसर पडदा असा तिचा ठराविक थाट. वारल्याच्या घरांत लग्नाच्या वेळीं सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात तो गेरूच्या जमिनीवर, तांदळाच्या पिठानें. त्या चौकांत व त्याच्या भोंवतीं माणसें पुष्कळ असतात. चेहरा मात्र एकालाहि नसतो.

या दोन भिंतींमधील अंतर अवघें कांहीं कोसांचें आहे. तैलचित्रांतील चेहरा पाहावा कसा, हा प्रश्न समजून घेण्यास दोन्ही भिंती उपयोगी पडतात. परंतु आरंभ डगलीवाल्या तसबिरीपासून करणें सोयीचें. अशी तसबीर दोन-तीन पिढ्या घरांत राहिली म्हणजे तिच्यांतील गृहस्थाचें नांव सांगणारें माणूस उरत नाहीं. तो कोणाचा आजा, कोणत्या पेढीचा मालक, रागीट होता कीं विनोदी, हें सांगणारे गेले कीं तसबीर माळ्यावर चढते, किंवा जुन्या बाजारांत चौकटीच्या किंमतीला विकली जाते. चित्र मूळ माणसासारखें उतरलें होतें कीं नव्हतें, याचा साक्षीदारहि त्यांच्याबरोबरच गेलेला असतो. मग त्या कॅनव्हासवर काय शिल्लक राहतें? ज्या हातानें तो चेहरा रंगविला, त्या हातामागील डोळ्यानें कांहीं पाहिलें होतें कीं नाहीं, एवढेंच. ती खूण रंगांत व कुंचल्याच्या फटकाऱ्यांत सांपडते, आणि सांपडली नाहीं तर तें चित्र खरोखरच चौकटीच्या किंमतीचें असतें.

मुंबईच्या चित्रकारांना ही गोष्ट एका दिवसांत उमगली नाहीं. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं मुंबईंत कलाशाळा उघडली. तेथील विद्यार्थ्याचा पहिला गुरु म्हणजे प्लास्टरचा पुतळा. पुतळ्यावर छाया असते, प्रकाश असतो, पण रंग नसतो. आणि त्याच्या गुळगुळीतपणाची संवय एकदां हाताला जडली म्हणजे तो हात जिवंत कातडीचाहि संगमरवर करून टाकतो. त्या काळच्या तसबिरींतील पुष्कळ शेटजी दगडी दिसतात याचें एक मूळ येथें आहे. दुसरें मूळ गिऱ्हाइकाच्या आवडींत होतें. पैसे मोजणाऱ्या गृहस्थाला आपल्या अंगठींतील खडा व डगलीचा प्रत्येक बंद मोजून हवा असे, आणि चित्रकाराला पोट असे.

या शाळेंत १८६५ सालीं आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्या कामांत पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) हे प्रमुख होते. अजिंठ्याच्या लेण्यांत गव्हाळ, सांवळीं, तांबूस, हिरवट अशा नाना वर्णांचीं माणसें शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत. त्या भिंतीपुढें इतकीं वर्षें काम करणाऱ्याला कातडीचा रंग एकच नसतो, हें निराळें शिकविण्याची गरज राहिली नसेल. पुढें १८७७ च्या दिल्ली दरबाराचें चित्र काढण्यासाठीं व्हॅलेंटाइन प्रिन्सेप हा इंग्रज चित्रकार हिंदुस्थानांत आला, आणि त्याच्या सहवासांत पेस्तनजींना तैलरंगाची युरोपीय रीत जवळून पाहावयास मिळाली. पोपटाला खाऊ घालणाऱ्या पारशी स्त्रीचें त्यांचें चित्र प्रसिद्ध आहे. पारशी घरांतील साधे प्रसंग, मंद उजेड व शांत बसलेलीं माणसें हा पेस्तनजींचा खास प्रांत. डच चित्रकारांची आठवण व्हावी असा त्यांतील उजेड असतो.

त्याच काळांत राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. त्यांच्या चित्रांतील जरीचा कांठ, मोत्यांचा सर, रेशमाची चमक पाहून लोक थक्क होत, आणि तें योग्यच होतें. पण त्यांच्या बहुतेक चित्रांत कुंचल्याची खूण शोधावी लागते; रंग जिरवून, घोटून, पृष्ठभाग एकसारखा केलेला असतो. या सफाईचें सामर्थ्य मोठें, तशी तिची एक किंमतहि आहे. जरीला व गालाला सारखेंच घोटलें म्हणजे डोळा जरीवर खिळतो, कारण जर अधिक चमकते.

येथें रंगांच्या व्यवहाराकडे थोडें अधिक बारकाईनें पाहणें अवश्य आहे. इंग्रजी शिक्षणक्रमांतून आलेली कातडीची कृति गोऱ्या माणसासाठीं बेतलेली होती. सफेता, पिवळी माती आणि चिमूटभर हिंगूळ हें तिचें मूळ. सांवळा चेहरा काढावयाचा म्हणून त्याच मिश्रणांत तपकिरी रंग ओतला तर चेहरा सांवळा होत नाहीं, मळका होतो. सांवळ्या कातडीवर उजेड निराळ्या तऱ्हेनें वागतो. कपाळ, नाकाचा शेंडा, गालफडाचें हाड अशा उंचवट्यांवर ती आरशासारखी चमकते, आणि खिडकींतून येणारा उजेड आकाशाचा असल्यामुळें ती चमक पांढरी नसते, निळसर करडी असते. सावलींत उलट गेरूची ऊब येते. उजेड व सावली यांच्या सीमेवर एक अरुंद पट्टा असतो, तो पुष्कळदां हिरवट दिसतो. पांढरें वस्त्र अंगावर असेल तर हनुवटीच्या खालच्या सावलींत त्या वस्त्राचा उजेड उसळून वर जातो आणि तेथें अंधार असावा असें वाटत असतांना फिकट, तांबूस उजळी दिसते. हे चार-पांच रंग जागच्या जागीं, एकमेकांत न कालवितां ठेवले तर रक्त वाहत असल्याचा भास होतो. कालविले कीं चिखल होतो. ज्या चित्रकाराला हें दिसलें त्याला कुंचला घासून चालत नाहीं. रंग ठेवून हात उचलावा लागतो. मोकळा फटकारा ही ऐट नसून रंग जिवंत ठेवण्याची ती गरज आहे.

पारशी तसबिरींतील डगली ही याची उत्तम परीक्षा आहे. डगली पांढरी, सुती, छातीवर बंदांनीं बांधलेली. तिला सफेत्यानें रंगविलें तर ती कागदासारखी सपाट होते. पारखी मनुष्य अशा तसबिरीसमोर उभा राहिला तर प्रथम चेहरा पाहूं नये. डगलीची बाही पाहावी. खिडकीकडील बाजूचा पांढरा निळसर असतो, आंतल्या बाजूचा पिवळट. कोपराच्या घडींत जांभळट करडेपणा येतो, मांडीवरच्या लालसर शालीजवळ त्याच पांढऱ्यावर गुलाबी झांक पडते. निव्वळ सफेता एखाद्या बंदाच्या टोंकावर, एखाद्या घडीच्या कडेवर, एका फटकाऱ्याइतकाच लागतो. बाहींत अशा सात-आठ पांढऱ्या छटा सांपडल्या, तर त्या चित्रकारानें चेहऱ्याशींहि प्रामाणिक व्यवहार केला असण्याचा संभव बराच असतो.

पुष्कळ तसबिरी या परीक्षेंत नापास होतात, आणि त्याचा सगळा दोष चित्रकाराकडे नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत छायाचित्राचा प्रसार झाल्यावर मृत गृहस्थाची तसबीर त्याच्या फोटोवरून काढून घेण्याची रूढी पडली. त्या वेळच्या फोटोच्या कांचा निळ्या रंगाला हळव्या व तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळें सांवळी, तांबूस कातडी मुळापेक्षां काळी उतरे व निळें आकाश पांढरें पडे. अशा फोटोवरून काम करणाऱ्याजवळ नाकडोळ्यांचीं मापें असत, रंगाची बातमी कांहींच नसे. तो मग पाठ केलेली कृति वापरी आणि कुंचल्याच्या खुणा पुसून टाकी, कारण खूण ठेवावयाची तर ती कशाची, हें त्याला ठाऊक नसे. गुळगुळीत तसबिरींत चांगल्याहि असतात. पण मेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून रंगविलेली तसबीर बहुधा दुरूनच ओळखूं येते.

तैलरंगाचा खरा लाभ असा कीं तो हवा तसा पातळ किंवा जाड लावतां येतो आणि लवकर वाळत नाहीं. टर्पेंटाइनमध्यें पातळ केलेल्या तपकिरी रंगानें आधीं सावल्या धरावयाच्या, त्या पातळच ठेवावयाच्या, म्हणजे त्यांतून कॅनव्हासचें अस्तर किंचित् दिसत राहतें आणि सावलीला खोली येते. उजेड मात्र जाड रंगानें. कपाळावरील उजेडाचा थर कॅनव्हासपासून वर उचललेला असतो. त्याच्या कडेवर खोलींतला खरा उजेड पडतो व चित्रांतला उजेड वाढतो. रेम्ब्रांटच्या उत्तर वयांतील चित्रांत हें टोंकाला गेलेलें आहे. टिशियनच्या शेवटच्या चित्रांविषयीं सोळाव्या शतकांतच वसारीनें लिहून ठेवलें, कीं तीं जवळून पाहिल्यास कांहींच कळत नाहीं व दूर गेल्यावर पूर्ण दिसतात. सार्जंट हा अमेरिकन चित्रकार (१८५६–१९२५) बसलेल्या माणसाच्या शेजारींच कॅनव्हास उभा करी, मागें जाऊन दोन्ही एकदम न्याहाळी, आणि पुढें येऊन एकच फटकारा मारून पुन्हां मागें जाई. त्याचा फटकारा बेफिकिरीचा दिसतो. वस्तुतः तो दुरून ठरविलेला असतो.

मुंबईंत ही दृष्टि कोणाच्या हातीं आली, हें सांगावयाचें तर आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद यांच्याजवळ थांबावें लागतें. गोव्यांतील सांगें येथें १८७० मध्यें जन्मलेले त्रिंदाद मुंबईच्या कलाशाळेंत शिकले, तेथेंच त्यांनीं अनेक वर्षें शिकविलें, आणि १९३५ सालीं ते वारले. त्यांना 'पूर्वेकडील रेम्ब्रांट' म्हटलें गेलें. अशीं बिरुदें देणाऱ्याच्याच उपयोगाचीं असतात; पण या बिरुदांत एक सत्य होतें. काळोखांतून चेहरा हळूहळू वर येऊं देणें, सावलीला घाई न करणें, हें त्यांना साधलें होतें. १८८८ सालीं स्थापन झालेल्या बाँबे आर्ट सोसायटीनें १९२० मध्यें त्यांच्या 'दोल्चे फार निएन्ते' या चित्रास सुवर्णपदक दिलें. त्या इटालियन शब्दांचा अर्थ, कांहीं न करण्यांतला गोडवा. त्रिंदाद यांनीं आपल्या पत्नीला व मुलींना वारंवार समोर बसविलें, आणि याचा परिणाम चित्रांवर स्पष्ट दिसतो. घरचें माणूस पैसे देणारें गिऱ्हाईक नसल्यामुळें दागिना मोजून दाखविण्याची सक्ति नव्हती. वस्त्र चार रुंद फटकाऱ्यांत उरकावें, हात नुसता सुचवावा, आणि सर्व लक्ष पापणीच्या खालच्या त्या लहानशा ओलसर सावलीवर खर्चावें, ही मोकळीक घरांतच मिळते. त्यांची मुलगी आंजेला (१९०९–१९८०) हीहि पुढें नांवाजलेली चित्रकर्त्री झाली. वडिलांची बरीचशी चित्रें पणजीच्या फुंदासांव ओरियेंत या संस्थेच्या संग्रहांत आहेत, आणि गोव्यास जाणाऱ्या मराठी माणसानें एक सकाळ त्यांच्यासाठीं राखून ठेवण्यास हरकत नाहीं.

याच कलाशाळेच्या इतिहासाला दुसरी एक बाजू आहे, आणि तिच्याशीं डहाणू-तलासरीच्या रानाचा संबंध येतो. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या हाताला जें चापल्य होतें तें विलक्षण होतें. १८९५ मध्यें बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले हिंदी चित्रकार. ऑटो रॉथफेल्ड यांच्या हिंदुस्थानांतील स्त्रियांवरील इंग्रजी पुस्तकासाठीं (१९२०) त्यांनीं नाना जातिजमातींच्या स्त्रियांचीं चित्रें काढलीं. मं. फ. पिठावाला (१८७२–१९३७) या पारशी चित्रकारानेंहि १९०५ च्या राजभेटीच्या वेळीं प्रिन्सेस ऑफ वेल्स हिला नजर करावयाच्या संग्रहासाठीं भारतीय स्त्रियांचीं चित्रें काढलीं होतीं. अशा कामांत वेष अचूक असतो, उभें राहण्याची ढब अचूक असते, रंग प्रसन्न असतात. पण खालीं जें लिहिलेलें असतें तें जातीचें नांव, बाईचें नव्हे. तसबिरींतल्या शेटजींना नांव होतें व तें लोक विसरले; या स्त्रियांना चित्रांत नांव मिळालेंच नाहीं.

फोर्टमध्यें स्टुडिओ व मलबार हिलवर गिऱ्हाईक असलेल्या चित्रकाराला तलासरीच्या वेठबिगाराचें व्यक्तिचित्र काढावयास कोण सांगणार होतें? सावकार-जमीनदारांच्या शेतांवर वेठीस राबणारा, लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं बायकोसह लग्नगडी होऊन बसलेला वारली १९४५ सालीं उठला, तेव्हां तो प्रथम नांवानें ओळखला जाऊं लागला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत तलवाडा येथें झालेल्या गोळीबारांत पडलेल्या जेठ्या गांगडाचें नांव या भागांत आजहि घेतलें जातें. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत वारली माणसें आपापल्या नांवानिशीं, बोलण्याच्या लकबीनिशीं भेटतात. तैलरंगानें जें केलें नाहीं तें तेथें गद्यानें केलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

मग वारल्यांची स्वतःची भिंत काय करते? तिच्याजवळ रंग दोनच: गेरू किंवा मातीशेण यांची तांबूस-तपकिरी जमीन आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा. डगलीच्या बाहींतले सात-आठ पांढरे येथें नाहींत. एकच पांढरा आहे, आणि बांबूची ठेचलेली काडी हा कुंचला. माणूस म्हणजे टोंकाशीं जुळलेले दोन त्रिकोण व वर एक वाटोळें डोकें. तथापि वरचा त्रिकोण किंचित् कलला कीं बाई वांकून रोप लावते, आणखी कलला कीं पुरुष तारपा फुंकतो. नाक, डोळे, ओंठ यांवांचून हालचाल ओळखूं येते. तैलचित्रकार जें गालावर साधूं पाहतो त्यांतला एक भाग, म्हणजे थोडक्या खुणेनें सजीवपणा दाखविणें, या काडीनें केव्हांच साधलेला असतो. दुसरा भाग, म्हणजे हीच बाई व दुसरी कोणी नव्हे असें सांगणें, हा तिचा हेतूच नसतो. लग्नचौकांत मध्यें पालघट देवी असते. भोंवतालचीं माणसें सगळ्या गांवाचीं असतात.

हें ओळखणारा मनुष्य त्याच कलाशाळेंतून आला, ही इतिहासांतील एक मौजेची गोष्ट आहे. जे. जे. मध्यें शिकलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी १९७० नंतरच्या वर्षांत सरकारी विणकर सेवा केंद्राच्या कामानिमित्त डहाणूच्या पाड्यांत आले आणि त्यांनीं वारल्यांच्या हातीं कागद दिला. गंजाडजवळील कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची काडी तेव्हांपासून भिंतीवरून कागदावर व कापडावर आली. २०११ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. सवाशिणींच्या हातचें काम एका पुरुषाच्या नांवानें जगभर गेलें, यावर वाद घालतां येईल. पण म्हसे यांच्या कागदावरील मासेमारीच्या जाळ्याच्या हजारों बारीक रेघा पाहिल्या म्हणजे हात कोणाचा, हें विचारण्याची गरज राहत नाहीं. चेहरा एकाहि माणसाला नसून काढणाऱ्याचा चेहरा तेथें दिसतो.

समुद्रकांठच्या तसबिरींची स्थिति मात्र काळजी करण्यासारखी असते. खाऱ्या, दमट हवेनें कॅनव्हास पावसाळ्यांत सैल पडतो व उन्हाळ्यांत ताणतो. रंगाचे थर त्याच्याबरोबर हालूं शकत नाहींत व तडकतात. वरचें वार्निश पिवळें पडून डगलीचे सारे निळसर पांढरे एकाच चहाच्या रंगाखालीं बुडतात. उदबत्तीचा व समईचा धूर त्यांत भर घालतो. घरांतील कोणी ओल्या फडक्यानें किंवा साबणानें पुसतो आणि मधल्या छटा, ज्या सर्वांत पातळ असतात, त्या प्रथम जातात. कोणी पेंटरला बोलावून चेहरा 'ताजा' करवून घेतो. जुन्या पद्धतींत मागून नवें कापड चिकटवून गरम इस्त्री फिरवीत. त्यानें कॅनव्हास वाचे, पण कपाळावरचा उचललेला रंग सपाट होई. चित्र सुधारलेलें दिसे, आणि ज्या फटकाऱ्यासाठीं तें राखावयाचें तोच गेलेला असे. अशी तसबीर हातीं आली तर कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी, उन्हापासून व ओल्या भिंतीपासून दूर टांगावी, आणि बाकीचें काम जाणकाराकडे सोंपवावें.

कळंबीपाड्यासारख्या पाड्यांतील भिंतीला या काळजीची जरूर नसते. पिठाचा चौक पहिल्या पावसाळ्यांत फिका पडतो. घरांत पुढचें लग्न ठरलें कीं भिंत पुन्हां गेरूनें सारवली जाते, जुनीं माणसें तिच्याखालीं जातात, आणि सवाशिणी वाटींत तांदळाचें पीठ कालवून नव्या चौकाची पहिली रेघ ओढतात.